ताईकडे उरलेली एक

२२ मार्च २०२०, अमरावती
पाच वाजता गल्लीत थाळ्या. लेक मैत्री गच्चीवर गेली, मी मागच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं. समोरच्या काकू पातेल्यावर पळी मारत होत्या आणि तोंडाला ओढणी गुंडाळलेली. किडनी बसवल्यापासून, म्हणजे सहा वर्षं झाली, मी तोंडाला मास्क लावून चांदूर रेल्वेच्या शाळेत जाते-येते. याच काकूंनी एकदा अरुणला विचारलं होतं, "मॅडमले टीबी हाय का?" आज अख्खी गल्ली माझ्यासारखी दिसत होती. हसू आलं. मग फार बरं वाटलं नाही.

अरुण वीज कंपनीत, लाइनवर. त्याला घरी बसता येणार नाही. म्हणाला, "आजपासून मी समोरच्या खोलीत, तू मागच्या. मधात मैत्री." घराचे तीन जिल्हे केले त्यानं.

२७ मार्च
नागपूरच्या डॉक्टरांचा फोन. त्यांचे सगळे पेशंट एकेक करून फोनवर घेत आहेत म्हणे. बाहेर पाऊल नाही. घरातल्यांशीही अंतर. ताप आला तर मनानं एकही गोळी नाही, लगेच कळवायचं.

मैत्रीनं विचारलं, तुलाच एवढी भीती का? तिला सांगितलं, शरीरात एक चौकीदार असतो. ताईची किडनी माझ्या पोटात पाहुणी. चौकीदार तिला चोर समजून मारेल, म्हणून सहा वर्षं त्याला गोळ्या देऊन अर्धवट झोपवून ठेवला आहे. आता गावात खरा चोर आला, आणि हा झोपलेला. ती विचार करून म्हणाली, "मग बाबा आणि मी चौकीदार." तेरा वर्षांची आहे. लगेच उंबरठ्याशी स्टूल आणून ठेवला, माझं ताट त्यावर ठेवायला.

२ एप्रिल
टॅक्रो, चौकीदाराला झोपवणारी गोळी, संपत आली. ही गोळी चुकली की काय होतं ते लिहीत नाही. नागपूरहून बसच्या पार्सलनं यायची, बस बंद. अरुणनं राजापेठेपासून सगळी दुकानं पाहिली, माझ्या ताकदीची गोळी कुठेच नाही.

ताईला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. मैत्रीनं सांगितलं. लगेच फोन.
"अवं वंदे, गोळ्या सरून राहिल्या अन् मले पोरीकडून मालूम पडते? किडनी माही हाय ना थे?"
हा तिचा नेहमीचा वार. दर फोनला पहिलं वाक्य, "माही किडनी कशी हाय?" मग माझी चौकशी.

५ एप्रिल
गोळ्या आल्या. अकोल्याच्या जुन्या शहरात ताईच्या शेजारी रियाजभाई राहतात. औषधांच्या ठोक दुकानाची गाडी चालवतात, म्हणून त्यांना जिल्ह्याबाहेरचा पास. फाटकाबाहेरच उभे राहिले. पिशवी खांबावर टांगली आणि चार पावलं मागे सरकले. मी खिडकीतून म्हटलं, पाणी तरी घ्या.
"रहने दो. ताईनं समजावून धाडलं मले, तुमचं घर म्हंजे ऑपरेशनची खोली. शिवायचं नाई कुठं." मग म्हणाले, "पूरा बाजार पालथा घातला त्यांनी तुमच्यासाठी. सकाळी सर्वे, दुपारी गोळ्या."
कसला सर्वे?
"बोलल्या नाहीत काय तुमाले? घर-घर जाऊन राहिल्या ना. कोणाले ताप, कोण बाहेरून आलं."

ताई अंगणवाडीत आहे. अंगणवाडी बंद, म्हणून मी समजत होते ती घरी आहे.
फोन केला. तिनं आधी माझ्या किडनीची चौकशी केली. मी म्हटलं, "तुलेही एकच आहे ताई! अन् वरून बीपी!"
"हो. पन माही चालू हाय."
"काहून सांगतलं नाई मले?"
"तू ओरडली असती. आताही ओरडूनच राहिली."

१४ एप्रिल
जयंती घरीच. ना मिरवणूक, ना विहारात गर्दी. अरुणनं खीर केली, थोडी करपली. मधल्या खोलीत फोटो ठेवला, मी माझ्या दारातून वंदना म्हटली, अरुण त्याच्या दारातून.

व्हिडिओवर ताई, पांढरी साडी. हात पाहिले तिचे, सॅनिटायझरनं पांढरे पडलेले. सांगत होती, मोर्णेकाठच्या एका गल्लीत शुगरवाले एक चाचा आहेत, दुसऱ्या कोणाला दार उघडत नाहीत. तिनं ओसरीवरून दम भरला, "चाचा, चौकात बसले तं पाहा. शुगरवाल्याइले आधी धरते थो." आता चाचा खिडकीतून हजेरी देतात. दुसऱ्या घरी एक दमेवाली बाई, तिच्या सुनेला हिनं शिकवलं, बाहेरून आली की आधी आंघोळ. फार रंगून सांगत होती. मी सगळं ऐकलं आणि शेवटी विचारलं, "अन् तुले कोन दम भरते?"
"तू हायेस ना," म्हणाली.

३ मे
डॉक्टरांशी फोनवर. माझं सगळं ठीक. ठेवता ठेवता विचारलं त्यांनी, "डोनर कशा आहेत तुमच्या?"
चांगली आहे म्हटलं. शेवटची तपासणी कधी? माहीत नव्हतं. ताईला विचारलं तर म्हणाली, मैत्री सहावीत गेली त्याच्या आधी केव्हातरी.

दुपारभर हेच डोक्यात. ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघी शेजारशेजारच्या टेबलवर होतो. बाहेर आलो तेव्हा मी पेशंट आणि ती निरोगी. मला आयुष्यभराच्या तारखा मिळाल्या. तिला नारळ आणि साडी मिळाली. आणि लोक म्हणाले, धन्य आहे बाई. धन्य म्हटलं की मग विचारावं लागत नाही, बीपीची गोळी घेतली का.

११ मे
आज एक केलं. ताईच्या पर्यवेक्षिकाबाईंचा नंबर मिळवून फोन केला. सांगितलं, तिला एकच किडनी आहे, बीपी आहे, तिला फिरतीतून सोडा. बाई बिचाऱ्या चांगल्या. म्हणाल्या, "आमाले तं मालूमच नव्हतं! डॉक्टरचा कागद द्या, मी नाव काढते."

तासाभरात ताई. इतकी चिडलेली मी तिला भाऊजी गेले तेव्हाही पाहिली नव्हती.
"कोनाले विचारून केलं तू हे?"
"ताई, आजारी माणसाइले सुट्टी..."
"मी बीमार नाई. मले बीमार करू नोको वंदे. मी तुले दिली ना, तवा माह्यात कमी नाई झालं काई. समजलं?"
फोन ठेवला. कागद द्यायचा नाही, हे नुसत्या ठेवण्यातून कळलं.

१९ जून
फार दिवस लिहिलं नाही. शाळा मोबाइलवर. भूगोल शिकवताना अर्ध्या मुलांचा आवाज जातो. धारणीकडून आलेला एक मुलगा गावी परतला आहे, तो झाडावर चढून हजेरी देतो, तिथेच रेंज येते म्हणे.

आज सकाळी मैत्री दाराशी येऊन उभी. चेहरा पांढरा. "आई, पोटात दुखते. आणि..." पुढचं बोलली नाही, मला कळलं. पाळी. पहिली. आणि मी उंबरठ्याच्या आत. सगळं सांगितलं तिला, कपाट कोणतं, काय घ्यायचं, कसं. वर्गात शिकवते तसं. ती हो हो करत होती आणि डोळे भरत होते. मग म्हणाली, "जवळ येऊ?"
दोघींनी मास्क लावले. खिडक्या उघडल्या. आली, पाठमोरी होऊन माझ्या छातीला टेकली, तोंड पलीकडे करून. श्वास माझ्याकडे येऊ नये म्हणून. मी सांगितलं नव्हतं तसं करायला.

अरुणला संध्याकाळी सांगितलं. रागावेल वाटलं. तो नुसता म्हणाला, "बरं केलं."

४ ऑगस्ट
माझी काळजी घेणं हे या घराचं काम झालं आहे. अरुण पोलवरून उतरतो, मागच्या मोरीत कपडे काढतो, आंघोळ करतो, मगच आवाज देतो. भाजी मिठाच्या पाण्यातून. मैत्री मैत्रिणीकडे जात नाही. मला कोणी काही म्हणत नाही, हेच जड होतं. कधी वाटतं, एकदा तरी कोणी चिडावं माझ्यावर.
ताईचं बरोबर असेल का? जपून ठेवलेलं माणूस हळूहळू वस्तू होतं. पण मग वाटतं, वस्तू तर वस्तू, मैत्री दहावी होईपर्यंत तरी...

१७ सप्टेंबर
ताईचा अबोला केव्हाच संपला. आता नवा सर्वे. बोटाला ते यंत्र लावून ऑक्सिजन पाहायचा. "दिवसभर लोकाइचे बोटं धरून राहिलो, बाप्पा. एवढे हात तं तुह्या भाऊजीचेही नाई धरले," म्हणाली आणि स्वतःच हसली. मी पण हसले. हसताना तिला खोकला आला. पाणी पी म्हटलं. उन्हातून आली होती म्हणे.

२९ सप्टेंबर
ताईला ताप. परवापासून होता, आज सांगितलं. तपासणी झाली. आहे.

३० सप्टेंबर
घरी एकटी आहे. मूलबाळ नाही, भाऊजी नाहीत. मी अरुणला म्हटलं, मी जाते.
त्यानं आधी ऐकलंच नाही असं केलं. पुन्हा म्हटलं. तो उंबरठ्याबाहेर खाली बसला, भिंतीला टेकून.
"जाऊन काय करशील?"
"तिच्याजवळ राहीन."
"अन् तुले झालं तं? तिनं दिलेलंच घालवशील ना. मग थे कशी जगन?"
मी म्हटलं, माझं शरीर आहे, मी ठरवीन. म्हणाला, "तुहं आहेच. पन त्यात तिचं बी आहे."
मग मी ताईला फोन लावला. स्पीकरवर. तिला श्वास पुरत नव्हता, वाक्य तोडून तोडून बोलली. "तू आलीस... तं दार... उघडनार नाई." आणि मग, "शबाना डबा ठेवून राहिली. तू बस."
शबाना म्हणजे रियाजभाईंची बायको. दाराबाहेर डबा ठेवते, खिडकीवर टकटक करते, ताईचं बोट दिसेपर्यंत हलत नाही. बोट दाखवायचं, असं त्या दोघींत ठरलं आहे.

२ ऑक्टोबर
आज शबानानं टकटक केलं, बोट दिसलं नाही. रियाजभाईंनी दार ढकललं. कडी लावली नव्हती तिनं, लावू नको असं शबानानं आधीच सांगून ठेवलं होतं. ताई पलंगावर, शुद्धीत पण उठता येत नव्हतं. त्यांनी औषधाच्या गाडीतच घातलं आणि दवाखान्यात नेलं. खाट मिळाली. ऑक्सिजन लावला.
रियाजभाईंना घरी लहान मुलं आहेत. मी म्हटलं, तुम्ही कसं उचललंत. "आता काय विचार करत बसाचं काय?" म्हणाले. आता ते स्वतः गाडीतच झोपणार, चाचणी येईपर्यंत.

४ ऑक्टोबर
आजचं लिहून ठेवते.

दुपारी ताईचा फोन. आवाज जरा बरा. म्हणाली, अंग फार ठणकत होतं, सुई देऊन राहिले, मग गुंगी येते, बरं वाटते.
"कसली सुई?"
"दुखाची."
दुखण्याची औषधं किडनीला काय करतात, हे मला झोपेतही माहीत आहे. मला तर साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा बंद.
"ताई, तू त्याइले सांगतलं ना? एकच आहे म्हनून?"
"नाई सांगतलं."
"काहून??"
"सांगतलं असतं तं मले नागपूरले धाडलं असतं. मले अकोल्यातच राहाचं होतं. अन् मंग सगळे येऊन पाहतात, कोनं किडनी देल्ली, हिनं का. बिचारी मनतात."
"आता लगेच सांग. पहिली दिसेल तिले सांग."
"बरं," म्हणाली, पण आवाज बुडत होता, सुईचा असर. फोन हातातून पडल्यासारखा झाला.

दवाखान्याचा नंबर लावला. लागला, कोणी उचलला नाही. पुन्हा. पुन्हा. अरुण पोलवर, फोन बंद. मैत्रीला म्हटलं, रियाजभाईंना लाव.
त्यांची चाचणी निगेटिव्ह आली होती, आजच गाडी सुरू केली होती. बाळापूरकडे होते, तिथून वळले. वॉर्डात आत कोणाला सोडत नाहीत. पण त्याच दवाखान्याच्या औषधखिडकीवर ते नेहमी माल उतरवतात, तिथली माणसं ओळखीची. फोन चालू ठेवूनच गेले. मला सगळं ऐकू येत होतं, पायांचा आवाज, कोणाचं तरी खोकणं. "सिस्टर! ओ सिस्टर! शोभाताई... अंगणवाडीवाल्या... उनको एकही किडनी है! बहन को दी है! दुखाची सुई बंद करा!"
मग एका बाईचा आवाज, जवळून. "कोण बोलतंय?"
मी सांगितलं. कोण, कुठलं ऑपरेशन, कोणत्या बाजूची, बीपी कधीपासून. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. म्हणाल्या, "डॉक्टरले आत्ता सांगते. ठेवू नका."
ठेवला नाही. मैत्री चार्जर लावून धरून बसली होती.
मग डॉक्टर. तरुण आवाज, थकलेला. "आम्हाला कोणीच सांगितलं नाही हो मॅडम. मी तसे डोसच बदलतो सगळे." मी नागपूरच्या डॉक्टरांचा नंबर दिला. त्यांनी लगेच बोलणं केलं, असं नंतर कळलं.

हे सगळं खोलीतून एक पाऊल न हलता.

५ ऑक्टोबर
ताईचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी मंदावली. पाणी चढवणं, औषधं बदलली. वाट पाहा म्हणतात. नागपूरचे डॉक्टर रोज त्यांच्याशी बोलतात. मी थँक्यू म्हटलं तर म्हणाले, "त्याही माझ्याच होत्या हो. मीच सोडून दिलं होतं." खूप दिवसांनी कोणी मोठ्या माणसानं असं साधं बोललेलं ऐकलं.

९ ऑक्टोबर
ऑक्सिजन कमी केला. जेवली. वरण आवडलं नाही म्हणे. वरण आवडलं नाही हे ऐकून मी रडले.

१८ ऑक्टोबर
घरी आली. गल्लीतल्या बाया दूर दूर उभ्या होत्या म्हणे, शुगरवाले चाचा खिडकीतून हात करत होते. फोनवर पहिलं वाक्य, "माही किडनी कशी हाय?"
मी म्हटलं, "कोनती?"

८ नोव्हेंबर
तिचे रिपोर्ट आज व्हॉट्सॲपवर. माझेही याच आठवड्यात झाले. दोन्ही एकाखाली एक पाहिले.
तिची किडनी माझ्या पोटात छान चालली आहे. तिच्या पोटात जी उरली, ती नाही.
मैत्री दारातून डोकावून वाचत होती. "म्हणजे मावशीनं तुला चांगलीवाली दिली?" म्हणाली. तसं नसतं बेटा, दोन्ही सारख्याच होत्या. एकीला जपलं.

१६ जानेवारी २०२१
नागपूर. जवळपास वर्षानं ताई प्रत्यक्ष दिसली. अरुणनं मित्राची गाडी आणली होती. ताई रियाजभाईंबरोबर आली, त्यांना तसंही माल आणायला यायचं होतं. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो, मधली खुर्ची रिकामी. ती निम्मी झाली आहे. ब्लाउज सैल. केस गळलेले. मला म्हणाली, "जाडी झाली तू घरात बसून." मी म्हटलं, हो.

डॉक्टरांनी दोघींना एकदमच आत घेतलं. ताईला म्हणाले, मीठ कमी, बीपी रोज, दुखण्याची गोळी आयुष्यात नाही, गर्दी नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी. "कितपत भरून येईल ते सहा महिन्यांनी कळेल. नाही आलं तर..." आणि कागदाकडे पाहत राहिले. लस ताईला माझ्याआधी मिळणार, अंगणवाडीवाली म्हणून. ती घ्यायची. पण घेतली म्हणून मोकळं नाही.
"आता तुम्हीही माझ्या पेशंट," म्हणाले, हसून. फिरती बंद करावी असं लिहूनही दिलं. ताईनं कागद घेतला, पाहिला नाही, पर्समध्ये घातला.

खाली पायऱ्यांवर रियाजभाईंची वाट पाहत होतो.
"वंदे, मलेबी आता तुह्यासारखं खोलीत बसा लागन काय?"
मी म्हटलं, तसं काही नाही, फक्त जपून. पण पटवता आलं नाही मला.
"तुले दिली ना, तवा मले लय मोठं वाटलं होतं. घरात कोनी नाई, पोर नाई, पन एक काम केलं आपन. चालता-फिरता केलं. पाह्य ना, लोकं मनत, शोभा एका किडनीवर दोन मानसाइचं काम करते. आता एका मानसाचंबी नोको मनून राहिले."
मी मधल्या पायरीवरून हात पुढे केला. तिनं आधी माझा मास्क नीट आहे का पाहिलं. मग धरला.

९ फेब्रुवारी
ताईनं लस घेतली. ताप आला नाही याचंच तिला वाईट वाटलं, बाकीच्या बाया सुट्टीवर आणि ही ठणठणीत.
इकडे अमरावतीत पुन्हा वाढतंय. शाळेचं उघडणं पुढे गेलं. अरुण समोरच्या खोलीतून मधल्या खोलीत आला होता संक्रांतीला. आज गादी उचलून परत समोर.

२४ फेब्रुवारी
पुन्हा सगळं बंद. इकडेही, अकोल्यातही. या वेळी थाळ्या नाहीत. समोरच्या काकूंकडे ॲम्ब्युलन्स येऊन गेली, काकांना नेलं. काकू फाटकात उभ्या होत्या, मी खिडकीत. त्यांनी मला पाहिलं. मी विचारलं, जेवण पाठवू? मान हलवली. अरुण डबा ठेवून आला फाटकावर.

अकरा वाजता ताई. किडनीची चौकशी नाही.
"उद्यापासून सर्वे पुन्हा चालू. पर्यवेक्षिकाबाईनं मले बोलावलं. मनते, शोभाताई, कागद असन तं द्या, मी जबरदस्ती करत नाई."
"मग?"
"कागद हाय ना माह्या पर्समधी. देऊ का नोको देऊ, थे तू सांग."
"मी?"
"तूच तं लागली होती वर्षभर. ओरडत होतीस. आता विचारतो मी तुले. तू मनशीन तसं करतो. खरंच करतो."

ताई कधीच कोणाला विचारत नाही. ऑपरेशनच्या वेळीही तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

मी म्हटलं, घरी बसलीस तर दिवसभर काय करशील?
"थेच तं," म्हणाली. "तुह्या उंबरठ्यापलीकडं दोघं हायेत. माह्या उंबरठ्यापलीकडं गल्ली हाय."
आणि मग, अगदी हळू, "पन भ्याव बी वाटते वंदे. त्या खाटेवर... मले वाटलं होतं आता नाई."
ती घाबरली आहे हे तिनं पहिल्यांदा सांगितलं.

मी वेळ मागितला. "घे," म्हणाली. "सकाळी बाईले सांगा लागते."

पहिल्या वेळी मला किती सोपं होतं. घरी रहा. दोन शब्द, आणि मीच बरोबर. आता वर्ष काढलं आहे खोलीत, ते काय असतं मला माहीत आहे. ताट स्टुलावर आलं तरी काय असतं माहीत आहे. आणि तिच्या रिपोर्टवरचा तो आकडाही माहीत आहे.
अरुणला विचारलं. म्हणाला, अर्धं काही निघते का पाहा, फिरती नको पण फोनवरून गल्ली सांभाळायची. चाचा फोनवर दार उघडतील का? बाई ऐकतील का? डॉक्टर काय म्हणतील? सगळ्यांना विचारता येईल. पण तिनं सगळ्यांना नाही विचारलं.

चार वाजले. मैत्रीनं स्टुलावर चहा ठेवला आणि तिथेच बसली, भिंतीला टेकून, तिच्या बाबासारखी. "मावशीला काय सांगणार?"
चहा पिते आणि फोन लावते. ताई, मी म्हणेन, ऐक, तू...